पायी माणसाचा रकाना कुठे आहे?

वस्तीचा रस्ता दुरुस्त करा म्हणून आम्ही कार्यालयात गेलो, तर उत्तर मिळाले, "त्या रस्त्यावर वर्दळच नाही." मग रोज शाळेला चालत जाणारी आमची पोरे, खुरपणीला निघालेल्या बाया, दवाखान्याची वाट धरणारे म्हातारे हे कोण?

चौकशी केली. वाहतूक गणना झाली होती, पण मे महिन्यात. शाळा बंद, ऊसतोड संपलेली. इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक तर असा, की शहराबाहेरच्या रस्त्यावर वर्षातून दोनदा, एकदा सुगीत आणि एकदा मंदीच्या काळात, सलग ७ दिवस, २४ तास मोजावे.

मोजण्याची रीतही समजून घ्या. प्रत्येक वाहनाचे 'पीसीयू' करतात. ग्रामीण रस्त्यावर मोटार १, दुचाकी किंवा सायकल अर्धा, बस-ट्रक ३, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार, बैलगाडी ८. म्हणजे वाहन रस्ता किती अडवते ते मोजतात, आत माणसे किती ते नाही. पन्नास जणांची एसटी ३ आणि एकेकटा बसलेल्या तीन मोटारीही ३! खडी-डांबराचा थर ठरवताना तर ३ टनांपासूनची जड वाहनेच धरतात, कारण रस्ता तीच खचवतात. रुंदी आणि जाडी ठरवायला हे माप बरोबर आहे, आमची तक्रार नाही. पण रस्ता कोणाला द्यायचा हेही त्याच मापाने ठरवले, तर पायी माणसाची किंमत शून्य होते. रस्ता वाईट म्हणून गाड्या येत नाहीत आणि गाड्या येत नाहीत म्हणून रस्ता होत नाही!

१९२४ साली वायकोमला देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून नुसते चालता यावे म्हणून सत्याग्रह करावा लागला. आमच्या रस्त्यावर आज चालायला कोणी अडवत नाही, पण चालणाऱ्याची नोंदही कोणी घेत नाही. मत समान मिळाले तरी सामाजिक-आर्थिक जीवनात माणसाचे मूल्य समान होत नाही, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. तो आम्हाला या फाट्यावर कळला.

शाळा सुरू होताच आम्ही पाळ्या लावून सात दिवस फाट्यावर वही घेऊन बसलो. एक रकाना जास्त आखला : पायी. रोज सकाळी तोच आधी भरला. वहीची प्रत अर्जाला जोडली, पोच घेतली. रस्ता अजून झालेला नाही. पण "वर्दळ नाही" हे आता आम्हाला कोणी तोंडी सांगू शकत नाही. तुमच्या वस्तीतही वही काढा.

जय भीम!