आधी वही, मग कानस

सिग्नलवर हात पसरणाऱ्या पोराला पुस्तकाआधी हुन्नर द्या, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. आयटीआयमध्ये जोडारी ट्रेडचा निदेशक होतो. खेड्यापाड्यांतली बुजरी मुलं माझ्यासमोर कानस धरायला शिकली, कारखान्यांत लागली, त्यांनी बहिणींची लग्नं केली, घरावर स्लॅब टाकला. हातच्या कामानं माणूस उभा राहतो हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग ज्याच्या पोटात आज भूक आहे त्याला दहा वर्षं बाकावर बसवून काय साधणार, असा माझा सवाल असे.

हा विचार माझ्या एकट्याचा नव्हता. १८५०च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्यानं अनाथ, गरीब मुलांना दहाव्या वर्षापासून उमेदवारीला बांधून देण्याची सोय केली. १८५७मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक सुधारशाळा निघाली. त्यामागचा कळवळा खरा असेल. पण कोणाच्या मुलांनी दहाव्या वर्षी हातोडा धरायचा, हेही तेव्हाच ठरून गेलं.

निवृत्तीनंतर मी रविवारी उड्डाणपुलाखालच्या मुलांना शिकवू लागलो आणि तिथं माझं मत हळूहळू ढिलं पडत गेलं. मोबाइलची कव्हरं विकणारा एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता. दीडशेला एक, अशी तीन कव्हरं, पाचशेची नोट, परत किती? उत्तर तोंडात तयार. त्याच्या हाती स्टीलची पट्टी दिली आणि साडेसात सेंटिमीटरवर खूण कर म्हटलं, तर तो नुसता पट्टीकडे बघत राहिला. व्हर्नियर कॅलिपरवर मिलिमीटरचा पन्नासावा भाग वाचावा लागतो. ज्याला दशांश चिन्ह कुणी दाखवलंच नाही, त्याला मी कसला जोडारी करणार होतो? कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा एक अभ्यास २०२५मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यातही हेच दिसतं. बाजारातले अवघड हिशेब ही मुलं मनातल्या मनात करतात; तसंच गणित शाळेच्या पद्धतीनं कागदावर आलं की अडतात. बुद्धीत काही उणं नाही. कागदाशी त्यांची ओळखच कुणी करून दिलेली नाही.

आणि आयटीआयचं दार उघडतं चौदाव्या वर्षी. माझ्या ट्रेडला दहावी लागते, काही ट्रेडना आठवी चालते. यातलं काहीच नसलेल्या मुलांना आम्ही हुन्नरवर्गांत काय शिकवत होतो? मेणबत्त्या, राख्या, कागदी पिशव्या. त्या आमच्याच ओळखीची माणसं दयेपोटी विकत घेत. मुलाच्या हातात वस्तू आली, पण देणाऱ्याची नजर तीच राहिली. हे एकदा दिसल्यावर लहान मुलांच्या हुन्नरवर्गांच्या बाजूनं बोलणं मला शक्य राहिलं नाही.

ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६पासून महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांची सिग्नल शाळा भरते. कंटेनरमधले वर्ग, दुष्काळी भागातून आलेल्या, बऱ्याचशा पारधी कुटुंबांतली मुलं. मुलं शाळेपर्यंत पोचत नव्हती, तेव्हा शाळाच त्यांच्यापाशी गेली. २०१९मध्ये तिथली दोन मुलं दहावी झाली. दोनच, असं कुणी म्हणेल. मी आयुष्यभर प्रवेशअर्ज तपासले आहेत. त्या गुणपत्रिकेनं किती रकाने भरता येतात ते मला माहीत आहे. धंदा कुठला शिकायचा हे आता ती मुलं ठरवतात.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलाशी बोलताना मात्र मी अजून अडखळतो. त्याला रोज घरी पैसे द्यावे लागतात. त्याला ‘शाळेत बस’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिथं हुन्नर हवंच, पण मजुरीसह, आणि जोडीला अभ्यासही. आमच्या पुलाखालच्या मुलांतला एक जण टेलरच्या दुकानात काज-बटण करतो. संध्याकाळी आम्ही अपूर्णांक घेतो, कारण छातीच्या मापाचा चौथा भाग काढल्याशिवाय कापड कापता येत नाही. त्याला दहावीला बाहेरून बसवायचं, तर सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला हवा. तो, असलाच तर, गावच्या शाळेत. पुढं सवलतीसाठी जातीचा दाखला काढायचा, तर अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. पारध्यांसारख्या, इंग्रजांनी गुन्हेगार म्हणून नोंदलेल्या आणि १९५२पर्यंत तो शिक्का वागवलेल्या, पालं ठोकत हिंडणाऱ्या माणसांनी हा पुरावा कुठून आणायचा?

अवजारांची पेटी द्यायला अजूनही लोक येतात. त्यांना मी सांगतो, पेटी राहू द्या. त्या पैशात या मुलांसाठी गावची शाळा, तहसील आणि प्रांत कचेरी इथं खेटे घालणारा एक माणूस पगारावर ठेवा, आणि जमलं तर गणिताची एक बाई.