सावित्रीच्या मुखापासून उगमापर्यंत

मोटारींतून कोंकण पाहून आलेल्या मंडळींची आतां आपल्यांत उणीव नाहीं. शनिवारीं पहाटे निघावें, हॉटेलांत उतरावें, देव व समुद्र यांचें दर्शन उरकावें आणि सोमवारीं कचेरींत हजर व्हावें, असा क्रम घरोघरीं रूढ झाला आहे. आम्हीहि तो अनेकदां पाळला. परंतु गेल्या फाल्गुनांत आम्हीं उभयतांनीं केलेला प्रवास थोडा निराळा होता, म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावीशी वाटते.

“राहुटी घेऊन एकदां समुद्रापासून डोंगरापर्यंत सावकाश जाऊं,” असें वचन लग्नानंतर पहिल्याच वर्षीं आम्हीं सौ.ला दिलें होतें. पुढें मुलांच्या शाळा, परीक्षा, आईचें आजारपण, नोकरींतील बढत्या, अशा एकेका निमित्तानें तें तीस वर्षें लांबणीवर पडलें. गेल्या वर्षीं सौ.ला मोठें दुखणें आलें व दोन महिने अंथरुणावर गेले. उठून बसूं लागली त्या दिवशीं ती एवढेंच म्हणाली, “अहो, ती राहुटी आणायची राहिली.” आमच्याजवळ उत्तर नव्हतें. डॉक्टरांनीं बेतानें चालण्यास परवानगी देतांच राहुटी घरीं आली.

मार्ग आंखतांना सावित्री नदी मनांत भरली. ती महाबळेश्वरास उगम पावते आणि शंभरेक किलोमीटर धांवून हरिहरेश्वर व बाणकोट यांच्या मधून समुद्रास मिळते. मुखापासून उगमाकडे तिच्या संगतीनें चढत जावयाचें, असें ठरलें. सौ.नें मेतकूट, भाजणी, गुळाची ढेप व गॅसची लहानशी शेगडी बांधून घेतली. आम्हीं सहा दिवसांचें वेळापत्रक तयार केलें. सामानांत निरुपयोगी असें काय होतें, हें पुढें कळून आलें.

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगांव व श्रीवर्धन या वाटेनें हरिहरेश्वर गांठलें. श्रीवर्धन हें बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचें मूळ गांव व हरिहरेश्वर त्यांचें कुलदैवत. एका नारळीपोफळीच्या वाडींत, मालकाच्या संमतीनें, राहुटी उभारली. येथील प्रदक्षिणेची वाट प्रसिद्ध आहे. डोंगराच्या चिरेंतून पायऱ्यांनीं खालीं उतरलें कीं एका बाजूस कडा व दुसऱ्या बाजूस समुद्र. लाटांनीं खडकांस मधाच्या पोळ्यासारखीं छिद्रें पाडलीं आहेत. वेळापत्रकाप्रमाणें प्रदक्षिणा सकाळीं आठ वाजतां व्हावयाची. पण त्या वेळीं भरती होती, आणि भरतींत त्या वाटेनें गेलेलीं माणसें लाटेनें ओढून नेलीं आहेत, असें वाडीच्या मालकिणीनें बजावलें. समुद्रापुढें आमचें कांहीं चालेना. दुपारीं ओहोटी लागल्यावर प्रदक्षिणा झाली. पहिलाच दिवस चुकला.

बागमांडल्याहून वेसवीस जाणाऱ्या फेरीबोटींत मोटारीसह बसून खाडी ओलांडली. पैलतीरीं बाणकोटचा हिम्मतगड आहे. १७५६ सालीं तो इंग्रजांकडे गेला व त्यांनीं त्यास ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ म्हटलें. ज्या राणीचें नांव आपणांस आठवतें तिचा जन्म त्यानंतर त्रेसष्ट वर्षांनीं, १८१९ सालीं झाला.

पुढें वेळास. हें नाना फडणविसांच्या घराण्याचें गांव. हल्लीं तें प्रसिद्ध आहे तें कांसवांमुळें. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिंवाळ्यांत किनाऱ्यावर येऊन वाळूंत एका वेळीं शंभराच्या आसपास अंडीं घालतात व समुद्रांत परत जातात. पूर्वीं हीं अंडीं चोरून खाल्लीं व विकलीं जात. २००२ सालापासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेनें गांवकऱ्यांच्या साह्यानें तीं राखण्याचें काम हातीं घेतलें. अंडीं कुंपणाच्या आंत पुन्हां पुरतात, वर टोपल्या झांकतात, आणि सुमारें पन्नास दिवसांनीं पिलें वर येऊं लागलीं कीं सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलून पाहतात.

आम्हीं गांवांतील एका घराच्या अंगणांत राहुटी ठोकली. किनाऱ्यावर दिवा दिसल्यास पिलें समुद्र सोडून त्याच्याकडे वळतात, म्हणून किनाऱ्यावर मुक्काम करणें योग्य नव्हे. पहिल्या संध्याकाळीं टोपलीखालीं नुसती वाळू. दुसऱ्या सकाळीं तेंच, संध्याकाळींहि तेंच. आम्हीं निघण्याची भाषा काढली. सौ. म्हणाली, “मुलांच्या निकालाला थांबलों, तुमच्या बढतीला थांबलों. आतां ह्यांच्यासाठीं एक दिवस थांबूं.”

तिसऱ्या सकाळीं टोपली उचलतांच वाळू हललेली दिसली. सव्वीस पिलें निघालीं. तळहातावर मावतील एवढीं, काळसर. तीं पाण्यापासून कांहीं अंतरावर सोडलीं, कारण तेवढी वाळू त्यांनीं स्वतः चालावी असा तेथील दंडक आहे. लाट त्यांस मागें लोटी, तीं पुन्हां निघत. एक पिलूं मध्येंच थांबलें. कोणीं त्यास हात लावला नाहीं. बऱ्याच वेळानें तें हललें आणि पुढच्या लाटेबरोबर गेलें. दुखण्यांतून उठल्यापासून सौ.चा चेहरा इतका प्रसन्न आम्हीं पाहिला नव्हता.

मंडणगडावरून महाडास आलों. सावित्रीच्या या गांवीं चवदार तळें चुकवून पुढें जाणें बरें नव्हे. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं हें तळें अस्पृश्यांस खुलें केलें, पण डॉ. आंबेडकरांनीं आपल्या अनुयायांसह तेथील पाणी प्राशन केलें तें २० मार्च १९२७ रोजीं, आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागला तो १९३७ सालीं. त्याच १९२७ च्या डिसेंबरांत मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण होते, ही गोष्ट आपल्या घरांतून क्वचितच सांगितली जाते. सौ. म्हणाली, “आपण होऊन थांबणें निराळें, आणि दुसऱ्यानें थांबवून ठेवणें निराळें.” बोल तळ्याला उद्देशून होता, तरी आमच्या कानांत तो राहिला.

असें असूनहि दुसऱ्या दिवशीं रायगडावर आमच्याकडून व्हावयाची ती चूक झालीच. पायथ्याशीं मुक्काम करून पहाटे पायऱ्या चढूं लागलों. ऊन होण्यापूर्वीं माथा गांठावा, या विचारानें आम्ही भराभर पुढें झालों. एका वळणावर सौ. जरा बसते म्हणाली. “तूं ये मागाहून” असें म्हणून आम्ही थेट महादरवाजापर्यंत गेलों. दहा मिनिटें झालीं, पंधरा झालीं, ती येईना. धांवत खालीं आलों तों ती भिंतीस टेकून बसलेली, चेहरा पांढराफटक, आणि एक ताक विकणारी बाई पदरानें तिला वारा घालीत होती.

“आजारातून उठलेलं माणूस मागं टाकून पुढं पळालात होय?” ती बाई म्हणाली. आम्हीं मान खालीं घातली. सौ. रागावली नाहीं. “मला वाट पाहायची संवय आहे,” असें ती शांतपणें म्हणाली, आणि तेंच अधिक लागलें. तासभर तेथेंच बसलों, ताक घेतलें. तिला हुशारी वाटल्यावर परत फिरण्याचा आग्रह आम्हीं केला. तो तिनें मानला नाहीं. मग ती पुढें व आम्ही मागें, वीस पायऱ्या चढावयाच्या व बसावयाचें, असें करीत दुपारीं जगदीश्वराच्या देवळांत पोंचलों व महाराजांच्या समाधीपुढें दोघेंहि स्वस्थ बसलों. उतरतांना रज्जुमार्गाचा आश्रय घेतला.

पोलादपुरावरून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर आलें. जुन्या महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री व सावित्री यांचें पाणी दगडी गोमुखांतून पडतें. कृष्णा पूर्वेस वळून सुमारें १,४०० किलोमीटर जाते. सावित्री पश्चिमेस कडा उतरते. ही सावित्री सत्यवानाची नव्हे, ब्रह्मदेवाची पत्नी. ब्रह्मदेवानें येथें यज्ञ मांडला. सावित्रीस यावयास उशीर झाला, आणि मुहूर्त टळेल म्हणून त्यानें गायत्रीस शेजारीं बसवून यज्ञ सुरू केला. तेव्हां संतापून तिनें देवांस नद्या होण्याचा शाप दिला, अशी कथा आहे. ती ऐकून सौ. आमच्याकडे पाहून हंसली. आम्हींहि गोमुखाखालीं ओंजळ धरली व प्रथम तिच्या पुढें केली.

त्या संध्याकाळीं मुक्काम हलवून परतावयाचें होतें, हलविला नाहीं. स्ट्रॉबेरीच्या शेताच्या बांधावर, शेतकऱ्याच्या परवानगीनें, आणखी दोन रात्री राहिलों. सकाळीं तिच्या पावलांनीं मढीमहालाच्या कड्यापर्यंत गेलों. खालीं सावित्रीचें खोरें धुक्यानें भरलें होतें. धुकें निवळून नदीचा माग दिसेपर्यंत आम्ही तेथें बसून होतों. सहा दिवसांच्या प्रवासास अशा रीतीनें दहा दिवस लागले.

ज्या वाचकांस असा प्रवास करावयाचा असेल त्यांनीं जागेच्या मालकाची परवानगी आधीं घ्यावी, भरती-ओहोटीच्या वेळा विचाराव्या, वेळासच्या किनाऱ्यावर रात्रीं दिवा लावूं नये व राहुटी काढल्यावर जागा झाडून निघावें. आणि घरीं कोणास असें वचन दिलेलें असल्यास, निवृत्तीची वाट पाहूं नये.