दुभाषा

१९८४ साली भारतातील शाळांत संगणक-साक्षरतेची योजना निघाली, तेव्हा ‘बी.बी.सी. मायक्रो’ हा संगणक वर्गांत आला. तसलाच एक मामांनी डिंडोलीस आमच्या घरी आणला. नव्या मॉनिटरला जोडला, पण चित्र उमटेना. “भंगारात द्या,” असे सर्वांचे मत पडले. परंतु दोष कोणाचाच नव्हता. जुने यंत्र सेकंदास १५,६२५ रेषा पाठवी. नव्या मॉनिटरला सुमारे ३१,५०० हव्या असत. मध्ये रेषा दुप्पट करणारी लहानशी पेटी बसविताच अक्षरे लख्ख उमटली.

माझी आजी खानदेशची, शेजारच्या बा गुजराती. मी मध्ये बसले की दोघींच्या गप्पा रंगतात. ज्याचे बोलणे आपणांस कळत नाही, तो निकामी असतोच असे नाही. पुष्कळदा उणीव असते ती दुभाष्याची.