सहा गाड्या आणि एक मामा

आमच्या मामाला मुलं दोन आणि गाड्या सहा. मुलं वेळच्या वेळी मार्गी लागली. मोठा बँकेत चिकटला, धाकटीचं लग्न झालं. गाड्यांचं घोडं मात्र अडलं ते अडलंच. सहापैकी एकही गाडी स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर जाईल अशी नव्हती. दोघींना तर चाकंच नव्हती!

मामा कोल्हापूरचा. उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये टर्नर आहे. लेथवर हात असा, की आपण मायक्रोमीटर शोधेपर्यंत हा नुसत्या बोटांनी माप सांगणार. उद्यमनगर ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, तिथे फाउंड्री, लेथ, बोरिंग, वेल्डिंग सगळं हाकेच्या अंतरावर. बाजारात न मिळणारा बुश तासाभरात बनवून मिळतो. आणि माझं मत विचाराल तर मामाच्या दुखण्याचं मूळ इथेच होतं. जिथे कुठलाही पार्ट बनवून मिळतो, तिथे कुठलीही भंगार गाडी 'होऊन जाईल की' असंच वाटतं.

आता यादीच देतो, म्हणजे परिस्थितीचं गांभीर्य लक्षात येईल. पहिली, १९८२ ची प्रीमियर पद्मिनी, ही माझ्या आजोबांची. दुसरी, १९६४ ची विलीज जीप. तिसरी येझदी रोडकिंग. चौथी विजय सुपर, म्हणजे लखनौला बनलेली लॅम्ब्रेटाच. पाचवी बजाज चेतक, जिला तिरकी केल्याशिवाय किक मारायचीच नसते असा आपल्याकडे अलिखित नियम होता. आणि सहावी राजदूत. राजदूत म्हणजे फक्त फ्रेम, टाकी आणि मामाचा आत्मविश्वास.

बाकीचं सगळं डब्यांत. श्रीखंडाचे डबे, डालड्याचे डबे, दुधाच्या पिशव्या. मामी म्हणायच्या, "पाहुणे आले तर बसायला जागा नाही, पण त्या गिअरबॉक्सला पलंग आहे." आणि ते खरं होतं. जीपचा गिअरबॉक्स दोन पावसाळे माडीवर पलंगाखाली होता.

तुम्ही म्हणाल, माणूस आळशी असेल. अजिबात नाही! साप्ताहिक सुट्टीला सकाळी आठला शेडमध्ये शिरलेला मामा जेवायलाच बाहेर यायचा. मग गाड्या पूर्ण का होत नव्हत्या? बारावीपासून प्रत्येक सुट्टीत मी त्याच्या हाताखाली पाने पुसले आहेत, त्या अनुभवावर सांगतो. गाडी खोलण्यासारखं सुख नाही. रात्रभर डिझेलमध्ये भिजवलेला गंजका बोल्ट 'कट्' करून सुटतो, तेव्हा जो आनंद होतो तो पहिल्या प्रयत्नात एम-थ्री सुटल्यावरही होत नाही. खोलायला पैसे लागत नाहीत, पार्ट लागत नाहीत आणि संध्याकाळी काहीतरी केल्यासारखं दिसतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. पत्रा कापा, नवा जोडा, लांबी भरा, घासा, परत भरा. एका ऑइल सीलसाठी तीन महिने थांबा. हा मधला भाग कंटाळवाणा, लांबलचक आणि खर्चिक. तो आला की मामाची नजर शेडच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे वळायची. तिथे अजून न खोललेली गाडी उभी असायची ना!

हे वेड एकट्या मामाचं नाही. हॉस्टेलवर आम्ही रात्री अमेरिकन हॉट रॉडचे व्हिडिओ बघतो. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे दक्षिण कॅलिफोर्नियात तरुण पोरांनी जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेतल्या, मडगार्ड काढून हलक्या केल्या, १९३२ साली आलेलं फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-एट इंजिन आणखी तिखट केलं आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर त्या पळवल्या. जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' नावाचं मासिकच निघालं. आज त्याच गाड्यांचे कार्यक्रम निघतात आणि जाहिराती धरून अर्ध्या तासात भंगाराची राणी होते. पण व्हिडिओ थांबवून मागचं गॅरेज नीट बघा. ताडपत्रीखाली अजून दोन-तीन सांगाडे असतातच! तिथला मेकॅनिक कोट्यधीश असेल, पण जातकुळी मामाचीच.

आपल्याकडे हॉट रॉडचा नाद तसाही कायद्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. म्हणून आपल्याकडचे हौशी लोक गाडी बदलत नाहीत, होती तशी परत उभी करतात. ते तर आणखी अवघड. हॉट रॉडला मिळेल ते इंजिन चालतं, येझदीला येझदीचंच लागतं. ते बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडला.

तरीही हे असंच चालू राहिलं असतं. पण २०२४ च्या दिवाळीत घरच्या जागेची वाटणी झाली. शेड ज्या बाजूला होती ती बाजू चुलतमामाकडे गेली. भांडण नाही, तंटा नाही, कागद रीतसर झाला. पाडव्यापर्यंत शेड मोकळी करून द्यायची. मामाकडे उरली ती घराच्या बाजूची बोळ. तिच्यात दोन दुचाकी मावतील, फार तर तीन.

आठवडाभर मामा गप्प होता. मग एका रात्री वही घेऊन माझ्यासमोर बसला. "लेका, तू इंजिनिअर होणार न्हवं? मग बस आणि हिशेब सांग."

त्या सेमिस्टरला आम्हाला प्रॉडक्शन मॅनेजमेंट होतं. त्यात लिटलचा नियम येतो, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला. परीक्षेत दोन मार्कांचा, पण आयुष्यात शंभर मार्कांचा! रांगेत असलेली कामं भागिले दर वर्षी पूर्ण होणारी कामं, बरोबर एका कामाला लागणारा सरासरी वेळ. मी विचारलं, "मामा, बारा वर्षांत किती गाड्या पूर्ण केल्यास?" त्याने बोटं मोजली. एक लुना, एक बजाज सुपर, एक मित्राची बुलेट. तीन. म्हणजे चार वर्षांना एक. रांगेत सहा. सहा गुणिले चार, चोवीस वर्षं. मामाचं वय छप्पन्न. वहीत मी ८० हा आकडा लिहिला आणि पेन खाली ठेवलं. मामी आतून म्हणाल्या, "बघा, मी हेच बिनवहीचं सांगत होते."

पण हिशेबाचा खरा चटका दुसरीकडे होता. आम्ही डबे उघडायला लागलो तेव्हा तो बसला. जीपसाठी घेऊन ठेवलेले नवे टायर एक किलोमीटरही न पळता बाजूने तडकले होते. चेतकच्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जाऊन मागे डिंकासारखा थर उरला होता. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे पद्मिनीचे एकदा नवे टाकलेले व्हील सिलिंडर आतून गंजून धरले होते. रंग खरवडून उघडा केलेला पत्रा कोल्हापूरच्या पावसाने खाल्ला होता. आपल्याला वाटतं, अर्धवट काम जिथे सोडलं तिथेच आपली वाट बघत उभं असतं. तसं नाही. चालती गाडी जेवढी झिजत नाही, तेवढी खोललेली गाडी कुजते. सहांना थोडं थोडं देता देता मामा सहा ठिकाणी मागे जात होता.

मग वहीत दोन रकाने पडले. राहणार आणि जाणार.

राजदूतचा सांगाडा आणि टाकी एका जुन्या मेस्त्रीकडे गेली. विजय सुपर लॅम्ब्रेटाच्या एका वेड्याने डब्यांसकट उचलली. जीपवर मामाची फार भिस्त होती. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम काढले, त्यात ही बसेल असं त्याला वाटायचं. पण त्या नियमाला गाडी मूळ स्वरूपात लागते. विलीजचं हरिकेन पेट्रोल इंजिन, ज्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतो, ते आधीच्या कुठल्यातरी मालकाने केव्हाच काढून डिझेल इंजिन बसवलं होतं. आरसीवर मात्र पेट्रोलच! हा गुंता सोडवायला पैसा आणि सवड असलेला माणूस हवा. तसा एक पुण्याकडचा मिळाला. जीप टेम्पोवर चढताना मामा घरात जाऊन बसला होता.

राहिली पद्मिनी. आबांनी, म्हणजे आजोबांनी, १९८८ मध्ये ती सेकंड हँड घेतली. ते हायस्कूलचे हेडमास्तर. सगळा फंड तिच्यात गेला. माझ्या आईची पाठवणी तिच्यातूनच झाली. कुर्ल्याला बनलेल्या या गाड्यांची मुंबईतली टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून बंद झाली. त्या दिवशी आबा टीव्हीसमोर बराच वेळ बसून होते. तिचं १०८९ सीसीचं इंजिन मामाने जीव ओतून बांधलं होतं. रिबोर, नवे पिस्टन, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, सगळं. पण बॉडी संपली होती. फूटबोर्ड हाताने दाबला तर बोट आरपार जायचं.

मिरजेचा एक मुलगा बघायला आला. सरळ म्हणाला, "काका, माझ्याकडे पद्मिनी आहे, बॉडी खणखणीत. इंजिनाचा ब्लॉक फुटलाय." मामा काही बोलला नाही. आईला फोन लावला, तीही थोडा वेळ काही बोलली नाही. शेवटी विषय आबांपर्यंत गेला. आबांचं वय ८४. त्यांनी एकच विचारलं, "त्याची गाडी रस्त्यावर येणार का?" मुलगा म्हणाला, "हो, आजोबा." "मग दे की रे. शेडमध्ये ठेवून तिची काय पूजा घालायची आहे?"

इंजिन गेलं. उरलेला पत्रा भंगारात गेला. कंट्रोल सुटू नये म्हणून मामा दिवसभर येझदीला चिकटून बसला.

कारण ठरलं होतं, हातात एका वेळी एकच. येझदी सगळ्यांत पूर्ण होती म्हणून तिचा नंबर पहिला. चेतक झाकून ठेवली आणि तिच्या डब्यांना हात लावायचा नाही असा मामीचा हुकूम झाला. पूर्वी दर सुट्टीला पहिला तास 'मागच्या वेळी कुठे थांबलो होतो' आणि 'चौदाचा पाना कुठाय' यातच जायचा. आता तो तास वाचला. क्रँकचे सील बदलले, कारण टू-स्ट्रोकचं सील गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि गाडी जाग्यावर टिकत नाही. पॉइंट नवे टाकले, वायरिंग पहिल्यापासून ओढलं. रंगाचं काय, मी विचारलं. "आधी पळू दे, मग नटू दे," मामा म्हणाला. एरवी तो उलटं करायचा, टाकीला आरशासारखा रंग आणि आत इंजिनाचा पत्ता नाही.

मार्च २०२५ मध्ये, रेड ऑक्साइडच्या टाकीवर, येझदी बोळातून बाहेर आली. मामाने किक मारली, तोच दांडा फिरवून गिअर टाकला आणि दोन सायलेन्सरांचा तो फटफटाट करत रंकाळ्याला चक्कर मारून आला. बारा वर्षांतली ही चौथी गाडी. पण ही पाच महिन्यांत झाली.

मे महिन्यात मिरजेहून फोनवर एक व्हिडिओ आला. पांढरी पद्मिनी, बॉनेट उघडं, इंजिन चालू. आम्ही तो आबांच्या कानाशी धरला. आम्हाला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार. आबांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "टॅपेट वाजतायत. त्याला सांग, गॅप बघून घे."

मित्रहो, आपल्या वर्कशॉपच्या मागेही दोन अर्धवट गो-कार्टचे सांगाडे पाऊस खात उभे आहेत. दर वर्षी नवी बॅच नवी फ्रेम वेल्ड करते, कारण पहिलं वेल्डिंग सगळ्यांनाच आवडतं. त्यातली एक निवडा. दुसरीचे टायर, ब्रेक, चेन तिला द्या आणि दुसरीला सन्मानाने निरोप द्या. एखादी गोष्ट सोडून देणं आणि ती पूर्ण करणं, हे दोन्ही एकाच कामाचे भाग आहेत, हे मी पुस्तकात नाही, मामाच्या वहीत वाचलं.

परवा मामाचा फोन आला होता. गडहिंग्लजला कोणीतरी एक लॅम्ब्रेटा फुकट न्यायला सांगतंय, नुसता टेम्पो आणायचा. मी श्वास रोखून विचारलं, "मग?"

"मग काय, त्या लॅम्ब्रेटावाल्या पोराला पत्ता दिला. मला चेतकच्या क्लच प्लेटा टाकायच्यात. ठेवतो."