अभ्यासालाही होईल

‘अभ्यासालाही होईल’ असं सांगून आमच्या घरात आलेल्या एकाही यंत्राने आजवर अभ्यासाला हात लावलेला नाही. पहिलं आलं ते माझ्या माहेरी, इंदूरच्या लोकमान्य नगरात, नव्वदच्या दशकात. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, पण त्याला चक्क कीबोर्ड. सोबतच्या कॅसेटमध्ये टायपिंगचे धडे होते, त्यावर बाबा विरघळले. ते धडे माझ्या भावाने एकदाच उघडले, तेही बाबा मागे उभे होते म्हणून. पुढे सगळा काँट्रा आणि मारिओ. तो डबा निन्टेन्डोच्या जपानी यंत्राची नक्कल होता. त्याचे भाईबंद तेव्हा समुराई, लिटल मास्टर अशा नावांनी भारतभर विकले जात. मूळ यंत्र १९८३चं आणि त्याचं जपानी नावच मुळी ‘फॅमिली कॉम्प्युटर’. पुढच्याच वर्षी निन्टेन्डोने त्याला बेसिक शिकायचा कीबोर्डही काढला. आईबापांना गळाला लावायची युक्ती थेट तिकडून आलेली आहे तर.

२०२४च्या मार्चमध्ये थोरल्याची दहावीची परीक्षा संपली आणि त्याने तेच वाक्य माझ्यावर टाकलं. नवरा सिमरोलच्या आयआयटीत नोकरीला, म्हणून आम्ही खंडवा रोडवर गावातच घर केलंय. मी शाळेत फिजिक्स शिकवते. सासरे, म्हणजे अण्णा, आमच्याकडेच असतात. धाकटी तेव्हा सहावीत होती. साठ हजारांच्या वर एक पैसा मिळणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

त्याला हवा होता पीसी, आणि त्यामागे होतं व्हॅलोरंट. वर्गातली अर्धी पोरं तेच खेळत होती. गेम फुकट, सर्व्हर मुंबईत, साध्या कॉम्प्युटरवरही चालतो; पण तेव्हा तो फक्त विंडोजवर होता. पोराने वहीच्या मागच्या पानावर मुद्दे काढून आणले होते आणि ते खरे होते. स्टीमवर २०१५पासून रुपयांत भाव लागतात आणि सेल लागला की जुने गेम पाणीपुरीच्या पैशांत मिळतात. एपिक दर आठवड्याला एखादा गेम फुकट देतं. मे २०२०मध्ये तर त्यांनी जीटीए ५ वाटला होता. पीसीवर ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणी नाही, सोनीच्या प्लेस्टेशनवर बहुतेक विकतच्या गेमना ती भरावी लागते. पानाच्या तळाशी लाल पेनाने अधोरेखित केलेलं: अकरावीत पायथन आहे.

एका शनिवारी त्याला घेऊन आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेले. इंदुरात कॉम्प्युटर जोडून घ्यायचा तर तिथेच. दुकानदाराने बिलबुकाची पावती उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एकाखाली एक आकडे मांडायला घेतले. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट. ग्राफिक कार्डाशी पेन थांबलं. “मॅडम, पैसा यहीं लगाओ, बाकी सब बाद में हो जाएगा.” आरटीएक्स ४०६० धरलं, तीस हजारांच्या आसपास. बेरीज साठ ओलांडून गेली. मी विचारलं, “मॉनिटर?” तो म्हणाला, “वो तो अलग है.” मग कीबोर्ड, माऊस, हेडफोन, विंडोज, सगळंच अलग निघालं. कार्ड हलकं घेतलं तर साठात बसत होतं, पण मग तीन वर्षांनी पुन्हा याच काउंटरवर. पोरगा गप्प. मी ती पावती घडी करून पर्समध्ये ठेवली.

घरी आल्यावर माझ्या डोक्यात आला तो मुद्दा त्याच्या वहीत नव्हता. सिमरोलला लाइट जाते. पावसाळ्यात जास्त जाते, आणि जाते ती सांगून जात नाही. आमच्याकडे ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची बॅटरी. बारा व्होल्टने गुणलं तर १८०० वॅट-अवर, पण हातात पडतात ते फार तर दोन तृतीयांश. भारी कार्डाचा पीसी खेळताना मॉनिटरसकट सहज तीनशे-साडेतीनशे वॅट खातो. प्लेस्टेशन ५ दोनशेच्या आसपास, वर टीव्हीचे शंभर. एक्सबॉक्स सिरीज एस सगळ्यांत मिताहारी, शंभराच्याही खाली. इन्व्हर्टरच्या मागे ‘इको’ आणि ‘यूपीएस’ असा एक खटका असतो, तो बहुतेकांच्या घरी आयुष्यभर इकोवरच राहतो. इकोवर लाइट गेल्यापासून बॅटरीवर जाईपर्यंत एवढा वेळ लागतो की पंख्याला कळत नाही, पण कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. खटका यूपीएसवर टाकला की बहुतेक वेळा निभावतं. इन्व्हर्टर मात्र साइन वेव्हचा हवा. जुन्या स्क्वेअर वेव्हवर नवे एसएमपीएस रुसतात. यूट्यूबवर फ्रेमरेटची तुलना करणाऱ्या एकाही भियाने हे सांगितलं नाही. त्यांच्याकडे लाइट जात नसावी.

म्हणून मी लॅपटॉपकडे वळले, निदान स्वतःची बॅटरी तरी असते. आयआयटीत शिकणारा जळगावचा एक मुलगा रविवारी आमच्याकडे वरण-भात खायला येतो. त्याने पहिल्या घासालाच माझं मत खोडलं. “काकू, हॉस्टेलला सगळे लॅपटॉपवरच खेळतात, कारण दुसरं ठेवायला जागाच नाही. पण चार्जर काढला की गेम रांगायला लागतो. बॅटरीवर ग्राफिक कार्डाला पुरेशी वीजच मिळत नाही. आणि तीन वर्षांनी कार्ड बदलू म्हणाल तर ते बोर्डालाच चिकटवलेलं असतं.” त्याचा स्वतःचा लॅपटॉप उन्हाळ्यात खेळताना इतका तापतो की तो खाली दोन पुस्तकं घालून उंच करतो. कुठली पुस्तकं, ते मी विचारलं नाही.

त्यानेच दुसरी एक गोष्ट सांगितली, त्यानंतर माझ्या लेखी पीसी की कन्सोल या भांडणातली निम्मी हवा गेली. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज, दोन्हींच्या आत एएमडीचाच प्रोसेसर आणि एएमडीचंच ग्राफिक. झेन २ आणि आरडीएनए २, पीसीत बसतात त्याच घराण्यातले. म्हणजे आत कॉम्प्युटरच. फक्त त्यावर दुसरं फारसं काही करता येत नाही अशी सोय केलेली. मग फरक राहतो तो दुकानाचा. कोणाच्या दुकानातून गेम घ्यायचे, आणि घेतल्यावर ते विकता येतात का. स्टीमवरचा गेम तुमच्या खात्याला चिकटतो, तो विकता येत नाही. सिरीज एसमध्ये डिस्कच बसत नाही, तिची ५१२ जीबीची जागा सिस्टिमच बरीच खाते, आणि शंभर-शंभर जीबीचे तीन गेम टाकले की चौथ्यासाठी एक काढावा लागतो. डिस्कवाला प्लेस्टेशन ५ घेतला तर खेळून झालेली डिस्क बदलून मिळते. सोनीचा स्वतःचा नवा गेम ४,९९९ रुपयांचा असताना ही लहान गोष्ट नाही.

निन्टेन्डोचं नाव धाकटीने काढलं. तिची आत्या डब्लिनला असते, ती स्विच आणते म्हणाली होती. पण निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकतच नाही; बिघडलं तर आत्याकडेच परत पाठवायचं. यात एक गंमत आहे. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. दुर्गेची कृपा असलेली एक मुलगी राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते. ऑगस्ट २०२०मध्ये तो सर्वांत आधी आला तो स्विचवर. पुण्यात बनलेला गेम पहिल्यांदा खेळायला पुण्यातल्या माणसाला आयात केलेलं यंत्र हवं! पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर तो ऑक्टोबरमध्ये उतरला.

शेवटी निर्णय झाला तो वॅट, जीबी आणि रुपये सोडून एका वेगळ्याच गोष्टीवर. पीसी घेतला असता तर तो थोरल्याच्या खोलीत गेला असता, टेबलावर, कारण ‘अभ्यासालाही’ होणार होता. दार लागलं असतं. आत पायथन चाललंय की गोळीबार, हे मला हेडफोनच्या वायरवरून ओळखावं लागलं असतं. कन्सोलला टीव्ही लागतो आणि टीव्ही आमच्याकडे एकच, हॉलमध्ये, अण्णांच्या खुर्चीसमोर. कन्सोल सुरू असेल तर खेळच चाललाय. त्याला दुसरं फारसं काही येतच नाही. आईबाप ज्या कारणासाठी कन्सोलला नाकं मुरडतात, त्याच कारणासाठी मला तो बरा वाटला. नवरा म्हणाला, हे तर्कशास्त्र पोराला पटणार नाही. पटलं नाहीच. दोन दिवस तो माझ्याशी फक्त हो-नाही बोलत होता.

५ एप्रिलला प्लेस्टेशन ५ची सडपातळ आवृत्ती भारतात आली, डिस्कवाली ५४,९९० रुपयांना. तीच घेतली. पायथनसाठी नवऱ्याचा जुना लॅपटॉप पुसून दिला. त्यावर अकरावीचं वर्ष निघालं, कारण पायथनला ग्राफिक कार्ड लागत नाही. हे त्यालाही ठाऊक होतंच.

पहिली अडचण अण्णांची आली. संध्याकाळी साडेसात ते नऊ मराठी मालिका, त्यात तडजोड नाही. “माझं संपू दे, मग तुमची लढाई करा,” एवढंच ते म्हणाले. खेळाची वेळ आपोआप ठरली, मला ओरडावं लागलं नाही. मग क्रिकेट २४ आला आणि अण्णा नऊनंतरही बसायला लागले. ते रिमोटला कधीच हात लावत नाहीत, फक्त क्षेत्ररचना सांगतात. “अरे, थर्डमॅन कुठे गेला?” थोरला आता त्यांना विचारल्याशिवाय बोलर बदलत नाही. धाकटीने ‘इट टेक्स टू’ काढला; तो एकट्याने खेळताच येत नाही, दुसरा माणूस लागतोच. दुसरा माणूस म्हणून मला बसवलं. उडी कुठल्या बटणाने मारायची हे मला अजून बोटांनी शोधावं लागतं आणि धाकटी दर वेळी सुस्कारा सोडते.

धुळीचा विचार मी केला नव्हता असं नाही, पण इतका नव्हता. खंडवा रोडचं चौपदरीकरण सुरू झाल्यापासून खिडकी उघडी राहिली की तासाभरात टेबलावर बोट फिरवून नाव लिहिता येतं. दर दोन महिन्यांनी आम्ही यंत्राच्या बाजूची पांढरी पाटी काढतो, ती जरा उचलून ओढली की खट करून सुटते. आत पंख्याच्या पात्यांच्या कडेला बारीक राखाडी मिशी जमलेली असते. मी रंगाच्या मऊ ब्रशने ती झाडते, थोरला पातं बोटाने धरून ठेवतो, कारण फिरू दिलं तर पंख्याला बाधतं असं त्याने कुठेतरी पाहिलंय. धुळीच्या बाबतीत पीसीही काही पुण्यवान नसता.

व्हॅलोरंट सुटलं नाही. क्लासला भंवरकुआँला जातो, तिथे एका गेमिंग कॅफेत तासाचे पैसे भरून मित्रांबरोबर खेळतो. मला सांगून जातो, निदान बहुतेक वेळा. त्याच वर्षी पुढे व्हॅलोरंट कन्सोलवर आलं, पण पीसीवाल्यांशी कन्सोलवाल्यांना खेळता येत नाही, त्यामुळे त्याच्या काही कामाचं नाही. हे त्याने मला अगदी शांतपणे समजावलं, जणू मीच तो गेम बनवलाय.

हल्ली मात्र त्याचा पीसीबद्दलचा सूर बदललाय. जीटीए ६ची जाहीर झालेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे, आणि जाहिरातीत नावं दोनच आहेत, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज. पीसीचा पत्ता नाही. ज्यांच्याकडे तीस-तीस हजारांची कार्डं आहेत ती पोरं आता आमच्या हॉलची चौकशी करतात. अण्णांना विचारून झालंय, त्यांनी नऊनंतरची वेळ दिलीय. मी म्हटलं, जीटीएच्या गेमवर अठरा वर्षांचा शिक्का असतो, तो या घरात येणार नाही. थोरला म्हणाला, “आई, माझा वाढदिवस नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात असतो. त्या दिवशी मला अठरा पूर्ण होतात.”