आम्ही चौघी फाल्गुनराव

आमच्या मोपा गावात नाटक म्हटले की जत्रेतला रात्रभरचा दशावतार. तिकिटाचा प्रश्नच नाही. पण पणजीला, कला अकादमीच्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात ‘संगीत संशयकल्लोळ’ असल्याचे कळले, तेव्हा आम्ही पाच मैत्रिणींनी पैसे जमवले आणि पेडणे, म्हापसा अशा बस बदलत पणजी गाठली.

गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली रंगभूमीवर आणले. पत्नीच्या हातात परक्याची तसबीर दिसते आणि फाल्गुनरावांना पुढे प्रत्येक गोष्ट पुरावाच वाटू लागते! आम्ही पोट धरधरून हसलो.

परतताना बसस्टँडवर मोजतो तर पन्नास रुपये कमी. हिशेब जिच्याकडे होता, तिच्याकडे आम्ही चौघींनी पाहिले. मध्यंतरात वडे आणायला तीच गेली होती. कुणी काही बोलले नाही. पण तिला समजले. म्हापशापर्यंत ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

पेडण्याला आठवण म्हणून नाटकाची तिकिटे वाटून घ्यायला काढली, तर घडीत नोट! तिकिटे आम्हा चौघींपैकीच एकीच्या पर्समध्ये होती.

आम्ही तिची माफी मागितली. ती म्हणाली, “नाटकात फाल्गुनराव एकच होता गं!”