यंत्रांचा अबोला

माणसे एकमेकांवर रुसतात, तशी यंत्रेही रुसतात. निदान माझ्या व्यवसायात तरी असा अनुभव नेहमी येतो. घरांना कॅमेरे बसवणे आणि ते घरातील इतर उपकरणांशी जोडून देणे, हे माझे काम आहे. कॅमेरा चांगला असतो, मोबाइल चांगला असतो, भिंतीवरचा पडदाही चांगला असतो. पण त्यांचे एकमेकांशी बोलणे बंद झालेले असते. घरातील मंडळी म्हणतात, "कॅमेरा बिघडला, नवा आणा." मी म्हणतो, "थोडे थांबा. आधी हा अबोला कोठे सुरू झाला ते शोधू या."

घराच्या राखणीला कॅमेरा ठेवावा, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नावाची एक परिचारिका राहत होती. घरी एकटी असताना दार वाजले की तिला भीती वाटे. तिने आणि तिच्या पतीने १९६६ साली एक योजना तयार केली. दाराला निरनिराळ्या उंचीवर भोके, त्यांतून पाहणारा सरकता कॅमेरा आणि आतल्या खोलीत टीव्हीचा पडदा! बाहेरच्या माणसाशी आतूनच बोलण्याची सोयही त्यात होती. १९६९ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. एका बाईच्या भीतीतून एवढा मोठा शोध लागला.

आता तारांची जागा बहुधा रेडिओलहरींनी घेतली आहे. सोय वाढली, तशा अडचणीही वाढल्या.

मालेगावात आमच्या मोहल्ल्यात एक खाला राहतात. उर्दू शाळेतून त्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या. घरात त्या एकट्याच असतात. गुडघे दुखतात, म्हणून दारापर्यंत जाणे त्यांना जड जाते. त्यांची मुलगी पुण्याला नोकरी करते. दारावरच्या कॅमेऱ्याचे चित्र खालांच्या पलंगाशेजारच्या पडद्यावर आणि मुलीच्या मोबाइलवर दिसावे, अशी व्यवस्था तिने केली होती. घरात नवा राउटर आला आणि सगळेच बंद पडले. दोन दिवस खाला दार न पाहताच उघडत होत्या. तिकडे मुलीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

मी गेलो, तेव्हा कॅमेऱ्याचा लहान दिवा लुकलुकत होता. म्हणजे वीज येत होती. मग कॅमेरा काढून राउटरच्या जवळ नेला. तरीही जोडणी होईना. म्हणजे दोष अंतराचा नव्हता. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, हा आमच्या कामातला पहिला धडा आहे. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही.

नवे राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर लहरी सोडतात. एक २.४ गिगाहर्ट्झची आणि दुसरी ५ गिगाहर्ट्झची. दुसरी वेगवान असते, पण भिंतीपलीकडे लवकर क्षीण होते. पहिली सावकाश चालते, पण दूरवर पोचते. पुष्कळ कॅमेऱ्यांना फक्त पहिलीच समजते. खालांच्या राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिले होते. मोबाइल दुसऱ्या पट्टीवर बसून कॅमेऱ्याला बोलावत होता आणि कॅमेऱ्याला ती हाक ऐकूच येत नव्हती. मी ५ गिगाहर्ट्झची पट्टी तेवढ्यापुरती बंद केली आणि पुन्हा जोडणी केली. कॅमेरा लगेच जागा झाला. नंतर ती पट्टी पुन्हा सुरू केली.

पुण्याहून मुलीचा फोन आला, "भाईजान, दार दिसले!" पण खालांच्या पडद्यावर मात्र अंधारच होता.

कॅमेरा एका कंपनीचा होता आणि पडदा दुसऱ्या कंपनीचा. दोघांना जोडताना एकाने दुसऱ्याला परवानगी द्यावी लागते. मुलीने मध्यंतरी कॅमेऱ्याच्या खात्याचा पासवर्ड बदलला होता. त्यामुळे जुनी परवानगी रद्द झाली होती. जुनी जोडणी काढून नवी केली. पडद्यावर गल्ली दिसू लागली.

खालांनी विचारले, "म्हणजे बेटा, एकाला उर्दू येते, दुसऱ्याला मराठी, आणि मध्ये दुभाषी हवा, असेच ना?"

"अगदी असेच, खाला," मी म्हणालो. निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांना एक समान भाषा असावी, म्हणून २००८ साली तीन कंपन्यांनी मिळून ऑनव्हिफ नावाची संस्था काढली. २०२२ साली घरातील उपकरणांसाठी मॅटर नावाची समान भाषा आली. सुरुवातीला तिच्यात कॅमेऱ्यांना जागा नव्हती; ती २०२५ मध्ये मिळाली. पण जुन्या उपकरणांना नवी भाषा आपोआप येत नाही. तोवर दुभाषीच कामाला येतो.

संध्याकाळी चित्र पुन्हा थांबत थांबत येऊ लागले. आता पाळी भिंतीची होती. राउटर आतल्या खोलीत लोखंडी कपाटामागे होता. लोखंड लहरींना अडवते. राउटर कपाटाबाहेर उंच फळीवर ठेवला आणि चित्र स्थिर झाले. नवा कॅमेरा घ्यावा लागला नाही.

जाण्यापूर्वी मी खालांना नवा पासवर्ड कसा जपायचा ते सांगितले. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवू नये. २०१६ साली मिराय नावाच्या घातक प्रणालीने असे असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते आणि त्यांच्या जोरावर मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली होती. राखणदाराचीच किल्ली चोराच्या हाती गेली, तर राखण कसली?

खालांनी सारे नीट ऐकले. मग बैठकीतल्या दुसऱ्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "याचे तोंड दाराकडे करून दे. मी कशी बसते, कशी निजते, हे कोणी का पाहावे? मुलीला माझी काळजी वाटते, तर तिने फोन करावा."

मी मुलीला फोन लावून दिला. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "अम्मी, तुम्ही म्हणाल तसेच. मी रोज रात्री नऊला फोन करीन."

मी कॅमेऱ्याचे तोंड वळवले. यंत्रांचा अबोला सोडवायला मला अर्धा दिवस लागला होता. मायलेकींचे बोलणे मात्र एका वाक्यात सुरू झाले. त्या जोडणीला ना राउटर लागला, ना पासवर्ड.